भ्रूणातल्या पेशींना कुठे जायचं हे कोण सांगतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फलनानंतर सुरुवातीला पेशींचा एक पोकळ गोळा किंवा सपाट चकती असते. मग काही तासांत तिचे तीन थर होतात, घड्या पडतात, नळ्या तयार होतात. यात प्रत्येक पेशीला आपली जागा कशी कळते, तिचा नकाशा डीएनएमध्ये लिहिलेला असतो का, आणि सपाट थर आत वळवण्यासाठी लागणारा जोर येतो कुठून?

नकाशा नसतो. आणि जोर पेशीच लावतात, तोही बहुतेक वेळा लगतच्या पेशीवर. एवढं पटलं की बाकीचं सोपं जातं, पण पटायला वेळ लागतो. कारण पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांमधले बाण. बाण पाहिला की वाटतं, पेशी इथून निघाली आणि तिथे पोचली, म्हणजे तिला पत्ता ठाऊक असणार. भ्रूण प्रत्यक्ष वाढताना पाहिला की वेगळंच दिसतं. बहुसंख्य पेशी एकट्या कुठेच जात नाहीत. शेजारणींना चिकटलेल्या राहूनच त्या आपला आकार बदलतात किंवा दोन शेजारणींच्या मधे घुसतात, आणि त्यामुळे सगळा थरच्या थर सरकतो. एकटीने निघणाऱ्या पेशी असतात, पण त्या अपवाद. त्यांच्याकडे नंतर येतो.

घडीपासून सुरुवात करू, कारण तिचं यंत्र सगळ्यात स्वच्छ समजलेलं आहे. थरातल्या पेशी उभ्या खांबांसारख्या एकमेकींना लागून असतात आणि वरच्या टोकाजवळ कॅधेरिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात. त्याच टोकाशी, पेशीपटलाच्या लगेच खाली, ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं असतं आणि त्यात मायोसिन हे तंतू ओढणारं प्रथिन असतं. हे स्नायूतल्या मायोसिनचंच भावंड. मायोसिनने तंतू ओढले की बटव्याची नाडी ओढावी तसं पेशीचं वरचं तोंड आवळलं जातं. पेशीचं आकारमान मात्र तेवढंच राहतं, म्हणून आतला ऐवज खाली सरकतो आणि तळ फुगतो. खांबाची पाचर झाली. एका पाचरेने काही होत नाही. पण शेजारच्या शंभर-दोनशे पेशी एकाच बाजूने पाचरा झाल्या, की थराला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं.

फळमाशीच्या भ्रूणात हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. फलनानंतर साधारण 3 तासांनी भ्रूण म्हणजे सुमारे 6,000 पेशींचा एकपदरी, लांबट कोष असतो. पोटाच्या बाजूला अंदाजे 18 पेशी रुंद आणि 60 पेशी लांब असा एक पट्टा असतो. त्याची तोंडं आवळायला लागतात आणि पंधरा-वीस मिनिटांत तो पट्टा खोबण पडून आत गडप होतो. हाच पुढे मध्यस्तर, म्हणजे स्नायू वगैरे. वर्षानुवर्षं समज असा होता की हे आवळणं सलग चालतं. 2009 साली ॲडम मार्टिन, एरिक वीशाउस आणि सहकाऱ्यांनी मायोसिन चमकवून जिवंत भ्रूणाचं चित्रीकरण केलं, तेव्हा ते धक्क्याधक्क्याने होताना दिसलं. मायोसिनचे पुंजके जमतात, पेशीचं तोंड थोडं लहान होतं, पुंजके विरतात, मग क्षणभर विश्रांती. साधारण दीड मिनिटाला एक धक्का. मधल्या विश्रांतीत तोंड परत पूर्ववत रुंद होत नाही. मिळवलेलं टिकवून ठेवलं जातं आणि पुढचा धक्का तिथूनच सुरू होतो. यातही कामाची वाटणी आहे. स्नेल हे जनुक नसेल तर धक्केच येत नाहीत. ट्विस्ट नसेल तर धक्के येतात, पण आवळलेलं टिकत नाही आणि पेशी नुसती धडधडत राहते.

नकाशाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळायला लागतं. स्नेल किंवा ट्विस्ट यांपैकी कोणातही ‘आत वळ’ अशी सूचना नाही. एक सांगतं ओढ, दुसरं सांगतं सोडू नकोस. वळणं हा त्या ओढण्याचा परिणाम आहे, आणि तो भूमितीच्या नियमाने आपोआप होतो.

ही कल्पना नवी नाही, बरं का. भ्रूणशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी 1870च्या दशकात रबराच्या नळ्या वाकवून भ्रूणातल्या घड्या समजावायचा प्रयत्न केला, तेव्हा जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी त्यांची टर उडवली. 1947 साली वॉरन लुईस यांनी पितळेच्या पट्ट्या आणि रबरबँड यांची साखळी करून दाखवली. एका बाजूचे रबरबँड जास्त ताणाचे लावले की साखळी स्वतःहून वाकते. आजची संगणकीय प्रारूपं कितीही गुंतागुंतीची असली तरी गाभ्याला ही साखळीच आहे.

घडीचं कौतुक मात्र बेताने करावं. बेडकाच्या भ्रूणात आत जाण्याची सुरुवात एका छोट्या खाचेपासून होते. तिथल्या पेशींची तोंडं इतकी आवळतात की त्या बाटलीच्या आकाराच्या दिसतात. साहजिकच पूर्वी वाटायचं की सगळ्या थराला आत खेचणाऱ्या त्याच. रे केलर यांनी त्या पेशी कापून काढल्या, तरी बाकीचा थर आत वळलाच. त्या खाच पाडून देतात आणि कडेची दिशा ठरवतात, पण मुख्य ताकद त्यांची नाही.

मुख्य ताकद येते शेजारी बदलण्यातून. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी गोष्ट हीच. रुंद पट्ट्यातल्या पेशी डावी-उजवीकडून एकमेकींच्या मधे शिरतात. पट्टा अरुंद होतो, आणि पेशी तेवढ्याच असल्याने तो लांब होतोच. कोणी पुढे खेचत नाही की मागून ढकलत नाही. फळमाशीत घडी पडून झाल्यावर लगेच हे सुरू होतं, आणि धडाचा पट्टा मूळ लांबीच्या दुपटीहून लांब होतो. इथेही मायोसिनच आहे, फक्त जागा वेगळी. तोंडावर जमण्याऐवजी ते पेशीच्या उभ्या कडांवर, म्हणजे डोक्या-शेपटीच्या अक्षाला आडव्या असलेल्या सीमांवर जास्त जमतं. ती सीमा आखडत आखडत एका बिंदूवर येते, आणि त्याच बिंदूतून नवी सीमा काटकोनात उघडते. चार पेशी घ्या: आधी पुढची आणि मागची पेशी एकमेकींना लागून होत्या, वरची आणि खालची वेगळ्या होत्या. आता वरची-खालची एकमेकींना लागल्या आणि पुढची-मागची दूर झाल्या. तोमा लक्विट यांच्या गटाने 2004 साली हे दाखवलं. एवढीशी अदलाबदल हजारो ठिकाणी झाली की भ्रूण लांब होतो.

ज्यांना अजूनही वाटतं की पेशी कुठल्या तरी ठिकाणाकडे ओढल्या जातात, त्यांना मी केलर यांचा दुसरा प्रयोग सांगतो. बेडकाच्या भ्रूणाच्या पाठीकडचा, आत वळायच्या बेतात असलेला तुकडा कापून बशीत सपाट ठेवला. आता तिथे ना आतली पोकळी, ना पोचायचं ठिकाण. तरी तो तुकडा ठरल्या वेळी अरुंद होत गेला आणि लांब झाला. ठिकाण नसताना प्रवास झाला, म्हणजे तो प्रवास ठिकाणासाठी नव्हताच.

समुद्री साळिंदराच्या डिंभात दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात, आणि भ्रूण काचेसारखा पारदर्शक असल्याने शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. तळाचा थर आत दबून आखूड नळी होते, मग ती पेशींच्या अदलाबदलीने लांब होते. शेवटी तिच्या टोकाच्या पेशी बारीक धागे बाहेर काढून पोकळीच्या छताला पकडतात आणि नळीला वर ओढतात. जेफ हार्डिन यांनी लेझरने हे धागे तोडले, तर नळी सुमारे दोन-तृतीयांश लांबीवर थांबली. म्हणजे खेचणं खरं आहे, पण ते फक्त अखेरच्या टप्प्यापुरतं.

आता एकट्या निघणाऱ्या पेशी. माझं काम कोंबडीच्या भ्रूणावर, म्हणून हा भाग जरा जवळून सांगतो. उबवायला ठेवलेलं अंडं फोडून बलकावरची चकती काढायची असते. मधे भोक पाडलेला फिल्टर पेपर बलकाच्या पडद्यावर अलगद ठेवायचा, कडेने पडदा कापायचा आणि कागदासकट भ्रूण उचलायचा. सलाइनमध्ये हलवून बलक धुतला की मधे एक फिकट पारदर्शक वर्तुळ आणि भोवती दुधाळ कडा दिसते. 6–7 तासांच्या भ्रूणात मागच्या कडेला नुसता एक धूसर त्रिकोण असतो. नवशिक्याला तो दाखवूनही दिसत नाही. बारा तासांनी तो लांबून मधोमध रेघ होतो. अठरा-एकोणीस तासांनी ती रेघ पूर्ण लांबीची असते, तिच्या मधे उथळ खाच, दोन्ही कडा किंचित उंच, आणि पुढच्या टोकाला एक जाडसर गाठ. रेघेला प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात, गाठीला हेन्सनची गाठ. सूक्ष्मदर्शकातून कितीही वेळ टक लावून बसा, काही हलताना दिसत नाही. पेशींचा वेग मिनिटाला एखाद-दोन मायक्रॉन. दर काही मिनिटांनी एक फोटो घ्यायचा आणि मग सगळे सलग पळवायचे. तेव्हा कळतं की रेघ उमटायच्या आधीच सगळी चकती हलते आहे. डावीकडे आणि उजवीकडे दोन भोवरे उलट-सुलट फिरतात, मागच्या कडेला एकत्र येतात आणि मधून पुढे सरकतात. लुडविग ग्रेपर यांनी 1929 साली हे चित्रीकरणातून टिपलं होतं. त्यामागची ओढ भ्रूण आणि भोवतालची दुधाळ ऊती यांच्या सीमेवरच्या मायोसिनच्या कड्यातून येते, हे 2020 मध्ये स्पष्ट झालं. कडं सगळीकडून सारखं न आवळता मागच्या बाजूला जास्त आवळतं, आणि आतली ऊती द्रवासारखी वाहते.

रेघेपाशी आलेल्या पेशी मात्र थर सोडतात. तिथे आधी खालचा आधारपडदा विरतो, मग पेशी शेजारणींना धरून ठेवणारं ई-कॅधेरिन कमी करते, तिचा चौकोनी आकार मोडतो, ती हातपाय फुटल्यासारखी वेडीवाकडी होते आणि थरातून खाली निसटते. पहिल्या निसटलेल्या पेशी खालच्या थरात घुसून तिथल्या जुन्या पेशींना बाजूला सारतात. हा अंतःस्तर, त्यातून आतडं आणि फुप्फुसांचं अस्तर. नंतरच्या पेशी मधल्या फटीत पसरतात, हा मध्यस्तर. ज्या वरच राहिल्या त्या बाह्यस्तर: त्वचा आणि मज्जासंस्था. एवढ्यापुरतं पाहिलं तर पेशी खरोखर दिशा ओळखून चालतात. रेघेतून स्रवणाऱ्या एफजीएफ-८ या प्रथिनापासून त्या दूर जातात. उंदरात हे जनुकच काढून टाकलं तर पेशी थर सोडून खाली येतात, पण पुढे सरकत नाहीत. रेघेखालीच ढीग होतो आणि मध्यस्तर बनत नाही. थर सोडून निघण्याची हीच जनुकं, स्नेल आणि तिचं कुटुंब, कर्करोगाच्या पेशी गाठीतून सुटून पसरताना पुन्हा चालू झालेली सापडतात. म्हणून कर्करोगाच्या प्रयोगशाळांमध्ये आमच्या विषयाला एकाएकी मान मिळू लागला. बरं वाटतं.

थर वेगळे राहतात कसे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही. 1955 साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर भ्रूणाच्या पेशी अल्कधर्मी द्रावणात सुट्या केल्या, तिन्ही थरांच्या पेशी मिसळल्या आणि पुन्हा नेहमीच्या द्रावणात ठेवल्या. मिसळलेल्या गोळ्यात पेशींनी आपापले गट केले: बाह्यस्तर बाहेर, अंतःस्तर आत, मध्यस्तर मधे. कोणी जागा नेमून दिली नव्हती. माल्कम स्टाइनबर्ग यांनी त्याचं कारण चिकटपणाच्या फरकात शोधलं. ज्या पेशी एकमेकींना जास्त घट्ट धरतात त्या आत जातात. पुढे मासातोशी ताकेइची यांना कॅधेरिन सापडली आणि या कल्पनेला रेणूंचा आधार मिळाला. आज त्यात पेशीच्या पृष्ठभागाच्या ताणाचीही भर पडली आहे. झेब्राफिशमध्ये तर तो ताण चिकटपणाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मग जनुकांचं काम काय? कुठली पेशी कधी ओढेल, कधी चिकटेल, कधी सुटेल हे ठरवणं. आणि तेही स्वतःच्या जागेवरून मिळणाऱ्या इशाऱ्यांवरून. फळमाशीत डॉर्सल नावाचं प्रथिन पोटाच्या बाजूच्या केंद्रकांत जास्त आणि पाठीकडे कमी असतं; जिथे ते जास्त, तिथेच ट्विस्ट आणि स्नेल चालू होतात. पाणसरड्याच्या भ्रूणात हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी, थर जिथून आत वळतो त्या खाचेच्या वरच्या ओठाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडे लावला, तर तिथे दुसरा जुळा देह तयार होऊ लागला. त्यातला मोठा भाग लावलेल्या तुकड्याचा नव्हता, यजमानाच्या पेशींचा होता. ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्या मज्जारज्जू झाल्या. हा निबंध 1924चा. मांगोल्ड त्याच वर्षी अपघातात गेल्या, आणि 1935चं नोबेल श्पेमान यांना एकट्यांना मिळालं. कोंबडीची चकती रेघ उमटण्याआधी दोन तुकड्यांत कापली तर दोन्ही तुकड्यांत स्वतंत्र रेघ तयार होऊ शकते. प्रत्येक पेशीचं गाव आधीच ठरलेलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

इशारा एकाच दिशेने जातो असंही समजू नका. इमॅन्युएल फार्ज यांनी 2003 साली फळमाशीचा भ्रूण हलकासा दाबला, तर जिथे ट्विस्ट नको तिथेही ते चालू झालं. म्हणजे जनुकं जोर निर्माण करतात आणि जोर जनुकं चालू करतो. आणि हलणं चुकलं तर थर एकमेकांना भेटत नाहीत. होल्टफ्रेटर यांनी भ्रूण जास्त क्षारांच्या द्रावणात वाढवला, तर आत जायच्या पेशी उलट बाहेर निघाल्या. बाह्यस्तराची रिकामी पिशवी एका बाजूला राहिली आणि तिच्यात मज्जासंस्था तयारच झाली नाही, कारण ज्या मध्यस्तराने तिच्याखाली यायचं तो आलाच नव्हता.

माणसाच्या बाबतीत काय, असं पुढे कोणी तरी विचारणारच. प्रिमिटिव्ह स्ट्रीक साधारण पंधराव्या दिवसाच्या आसपास दिसते. त्यानंतर पाठीकडचा बाह्यस्तर घडी पडून मज्जानलिका, म्हणजे पुढच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी, होते आणि ती 28व्या दिवसाच्या सुमारास पूर्ण मिटते. इथे सगळं वरचंच चालतं: मधल्या रेषेवर पाचरा होतात, कडा उचलल्या जातात, बाजूची त्वचा आत ढकलते. पण आधी तो पट्टा अरुंद व्हावा लागतो. व्हँग्ल-२ हे जनुक बिघडलेल्या उंदरात घडीचं यंत्र पुष्कळसं शाबूत असतं. पेशी एकमेकींच्या मधे शिरत नाहीत म्हणून पट्टा रुंदच राहतो, दोन कडा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत आणि मेंदूच्या मागच्या भागापासून पाठीपर्यंत नलिका उघडी राहते. मूल हवं असलेल्या स्त्रीला फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम, घ्यायला सांगतात ते याच नलिकेसाठी. आधीचं मूल या दोषासह जन्मलेल्या स्त्रियांसाठी मात्रा जास्त असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. 1991 सालच्या ब्रिटिश चाचणीत अशा स्त्रियांना रोज 4 मिलिग्रॅम दिल्यावर पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी घटली. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत नलिका मिटायची वेळ जवळ आलेली असते. म्हणून ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा.

मानवी भ्रूण या वयाचा मिळणं दुर्मिळ. म्हणून आता मूलपेशींपासून प्रारूपं केली जातात. 2014 साली मानवी मूलपेशी एक मिलिमीटरच्या आतल्या गोल ठिपक्यांवर वाढवून बीएमपी-४ हे इशारा देणारं प्रथिन दिलं, तर दोन दिवसांत मधून कडेकडे तिन्ही थरांची कडी तयार झाली. पण थर वळले नाहीत, चपटेच राहिले. त्याच वर्षी उंदराच्या मूलपेशींचे गोळे करण्यात आले. ते लांब झाले, त्यांना पुढचं-मागचं टोक आलं, पण धडाची ठेवण आली नाही. 2020 मध्ये त्याच गोळ्यांना थोडं मॅट्रिजेल, म्हणजे आधारपडद्याच्या प्रथिनांचं मऊ जेल, दिलं गेलं. पेशी त्याच आणि त्यांतली जनुकंही तीच होती. या वेळी कण्याचे खंड ओळीने तयार झाले, आणि मधोमध नळीसारखी मज्जाऊती.